शर्यतींतील पहिली फेरी

आठशें मीटरांच्या शर्यतींत पहिल्या शंभर पावलांतच सर्वांपुढें जाणाऱ्या मुलास पालकमंडळी टाळ्या वाजवून उत्तेजन देतात, हें आम्हांस बरें वाटत नाहीं. अति जोरानें धांवतांना श्वासावाटे मिळणारा प्राणवायु पुरत नाहीं. स्नायूंतील राखीव शक्ति खर्ची पडते, व ती फार थोडी असते. ती आरंभींच उधळली कीं पाय जड होतात. आमच्या रत्नागिरीच्या दमट हवेंत तर घामहि लवकर सुकत नाहीं, मग अंग अधिकच तापतें.

तथापि संथ आरंभ म्हणजेच शहाणपण, असेंहि नव्हे. सन २०१२ सालीं लंडन येथें डेव्हिड रुडिशानें हीच शर्यत १ मिनिट ४०.९१ सेकंदांत जिंकली. त्याची पहिली फेरी दुसरीहून दोन सेकंदांवर जलद होती. बीड जिल्ह्यांतील अविनाश साबळे यांचा दाखला तर याहून बोलका आहे. २०२२ च्या जुलैंत जागतिक स्पर्धेंत तीन हजार मीटरांची अडथळ्यांची शर्यत संथ चालीनें निघाली, आणि शेवटीं एकदम वेग घेणाऱ्यांचें फावलें. साबळे ८ मिनिटें ३१.७५ सेकंदांत अकरावे आले. पुढच्याच महिन्यांत बर्मिंगहॅम येथें चाल जलद होती. तेथें त्यांनीं ८ मिनिटें ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळविलें. सुवर्ण पांच शतांश सेकंदांनीं हुकलें!

व्यायामशिक्षकांनीं हातीं घड्याळ घेऊन प्रत्येक मुलास त्याच्या फेरीफेरीची वेळ दाखवावी, एवढीच आमची सूचना आहे.