आधी पडदा, मग बर्नर

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला इंटरनेटवरचं साहित्य द्यावं का, या प्रश्नावर पनवेलच्या स्टाफरूममध्ये दोन ठाम मतं ऐकू येतात. एक मत असं, की मोबाइलने पोरं बिघडली आहेत. पेल्झार नाहीतर प्रेस्कॉटचं पाठ्यपुस्तक वाचावं, वर्गात लक्ष द्यावं, जर्नल वेळेवर पूर्ण करावं, एवढं पुरे. दुसरं मत अगदी उलट टोकाचं. आता सगळं नेटवर आहे, आभासी प्रयोगशाळा आहे, नामवंत प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. मग महागडी माध्यमं, फुटणारी काच आणि ऑटोक्लेव्हचं वीजबिल कशाला? पहिलं मत बहुधा जुन्या शिक्षकांचं असतं, दुसरं खर्चाचा हिशेब पाहणाऱ्यांचं. दोन्हींमागे खरी काळजी आहे, म्हणून दोन्हींना नीट उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं आधीच सांगतो: ऑनलाइन साहित्य प्रात्यक्षिकाच्या आधी हवं आणि प्रात्यक्षिकानंतरही हवं, प्रात्यक्षिकाच्या जागी ते एक मिनिटही नको.

दुसऱ्या मताचा समाचार आधी घेतो, कारण त्यातून होणारं नुकसान भरून येणारं नाही.

हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेली रंजनाची रीत आजही या विषयाचा श्रीगणेशा आहे. स्लाइडवर जिवाणूंचा पातळ थर पसरायचा, वाळवायचा, ज्योतीवरून झरकन फिरवून पक्का करायचा. मग क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, मग अल्कोहोल, शेवटी सॅफ्रानिन. ग्रॅम-पॉझिटिव्ह जांभळे दिसतात, ग्रॅम-निगेटिव्ह गुलाबी. कागदावर चार ओळींत संपणारी गोष्ट. अमृता विश्वविद्यापीठाने केंद्र सरकारच्या योजनेतून तयार केलेल्या आभासी प्रयोगशाळेत हा प्रयोग पडद्यावर करून पाहता येतो, आणि पायऱ्यांचा क्रम डोक्यात बसवायला तो उत्तम आहे. पण या प्रयोगाचा जीव अल्कोहोलच्या त्या काही सेकंदांत आहे. स्लाइड तिरकी धरून थेंब थेंब अल्कोहोल सोडायचं आणि खाली ओघळणारा जांभळा रंग फिका होत नाहीसा झाला की त्या क्षणी पाण्याखाली धरायची. दोन सेकंद जास्त झाले तर पॉझिटिव्हही गुलाबी होतात. दोन सेकंद कमी पडले तर निगेटिव्हही जांभळे राहतात. थर जाड झाला असेल तर एकाच स्लाइडवर दोन्ही रंग दिसतात. वाढ शिळी असेल तर बॅसिलससारखा पक्का पॉझिटिव्हही दगा देतो. पडद्यावरचा थर जाड होत नाही, तिथली वाढ शिळी होत नाही, तिथे कुणाचा हात थरथरत नाही. आपली स्लाइड चुकली आणि ती का चुकली हे शोधत दुसरी केली, तेव्हाच ग्रॅमची रीत कळते. हे शिक्षण क्लिक करून मिळत नाही.

हाताला सवय नसणं किती महाग पडू शकतं, याचा दाखला आपल्याच मुंबईच्या इतिहासात आहे. प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून ही लस देशभर जाऊ लागली. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर आला. नंतर जे पुढे आलं ते असं: बाटलीचं बूच काढण्याचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता आणि मदतनिसाने तो ज्योतीत न धरता नुसता कार्बोलिकच्या द्रावणात बुडवून वापरला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी बाजू लावून धरली आणि १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. त्या मदतनिसाला ज्योतीचा नियम माहीत नसेल असं मला वाटत नाही. नियम डोक्यात होता, हातात नव्हता. वायरलूप लालबुंद होईपर्यंत धरायचा, मग थंड होऊ द्यायचा, नळीचं तोंड ज्योतीवरून फिरवायचं, कापसाचं बूच करंगळीत धरायचं पण टेबलावर ठेवायचं नाही. हे हाताला इतकं वळण पडलेलं हवं, की गडबडीतही चुकता कामा नये.

ज्यांना खर्चच वाचवायचा आहे ते केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचाचा, म्हणजे स्वयम्‌चा आधार घेतात. तो आधारही तितकासा पक्का नाही. २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम्‌वरून करण्याची मुभा दिली, हे खरं. पण २०१६ मध्ये ही मुभा पहिल्यांदा मिळाली तेव्हाच मूळ महाविद्यालयाने समन्वयक नेमावा आणि प्रात्यक्षिकांची व त्यांच्या परीक्षेची सोय त्याने पाहावी, असं नियमांत लिहिलं होतं. म्हणजे ऑनलाइन शिक्षणाला दार उघडणाऱ्यांनाही प्रयोगशाळेला कुलूप लावायचं नव्हतं. पनवेलच्या मुलामुलींना तर हे कुलूप परवडणारच नाही. तळोजा एमआयडीसीत मासळी निर्यात करणारे कारखाने आहेत, पाताळगंगेला औषधांचे कारखाने आहेत. तिथल्या क्यूसी (गुणवत्ता नियंत्रण) विभागात मुलाखतीला गेलेल्या मुलीला प्लेट स्ट्रीक करता येते का, वसाहती मोजता येतात का, हेच विचारतात. तिने किती व्हिडिओ पाहिले, याची चौकशी कुणी करत नाही.

आता पहिलं मत. त्यातली सर्वांत वजनदार हरकत मोबाइलची नाहीच. ती अशी: आज पूरक म्हणून आत घेतलेली गोष्ट उद्या पर्याय म्हणून बसवली जाईल. ही भीती मला पटते आणि वर लिहिलं ते त्याच भीतीपोटी. पण या भीतीवर साहित्यालाच बंदी हा उपाय नाही. शिक्षकाने ऑनलाइन साहित्य प्रात्यक्षिकाला इतकं घट्ट बांधावं, की प्रात्यक्षिकाशिवाय त्याला अर्थच राहू नये.

बाकीच्या हरकती मात्र तपासल्यावर टिकत नाहीत. मोबाइलमुळे लक्ष विचलित होतं म्हणतात. होतं, जेव्हा आपण ‘नेटवर बघून घ्या’ एवढंच सांगून सोडून देतो तेव्हा. ‘मंगळवारच्या प्रात्यक्षिकाआधी ही आठ मिनिटांची फीत पाहा आणि अल्कोहोल कधी थांबवलं ते वहीत लिहून आणा’ असं सांगितलं की तोच मोबाइल कामाला लागतो. फुकटचं ते बिनभरवशाचं, असंही म्हणतात. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सने सूक्ष्मजीवशास्त्राचं पाठ्यपुस्तक २०१६ मध्ये अमेरिकन सोसायटी फॉर मायक्रोबायोलॉजीच्या सहकार्याने काढलं आणि ते कुणालाही विनामूल्य वाचता येतं. त्याला बिनभरवशाचं म्हणणं अन्याय आहे. याउलट नेटवर कुणी निनावी टाकलेल्या टिपणांत ‘ऑटोक्लेव्हमध्ये १५ पौंडांच्या दाबाने जंतू मरतात’ असं सर्रास सापडतं. मारते ती १२१ अंशांची वाफ. दाब लागतो तो पाण्याला १०० अंशांच्या पुढे नेण्यासाठी. सॅनिटायझरने सगळं मरतं, हाही तसलाच समज. अल्कोहोलने बीजाणू मरत नाहीत. खरं आणि खोटं नेटवर शेजारी शेजारी बसलेलं असतं, म्हणून तर निवड शिक्षकाची हवी. ती निवड टाळून नेटला नावं ठेवणं सोपं आहे, एवढंच.

साहित्य इंग्रजीत असतं, ही हरकत मला उलटीच दिसते. उरण, पेण, कर्जतच्या गावांतून एसटीने नाहीतर लोकलने येणारी किती तरी मुलं दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली असतात. वर्गात ‘पेप्टिडोग्लायकन’, ‘ट्रान्सफॉर्मेशन’, ‘एंडोस्पोअर’ हे शब्द एकदा कानावरून जातात आणि निसटतात. लाजेपोटी मुलगा हात वर करत नाही. पडद्यावरची व्यक्ती मात्र दहा वेळा थांबवता येते, खाली शब्द लिहून येतात, चित्र समोर हलत असतं. सरांना दहाव्यांदा विचारायचं धाडस नसलेल्यासाठी ही फार मोठी सोय आहे. शिवाय प्रात्यक्षिकात बॅच मोठी, टेबल एक, सर मध्ये उभे. मागच्या रांगेतल्या मुलीला लूपचं टोक आगरवर कसं टेकतं ते दिसतच नाही. तिने ते घरी जवळून पाहिलेलं असेल तर त्या दिवशी तिचा वेळ बघण्यात न जाता करण्यात जाईल.

हे साहित्य कुठे बसवायचं, याचं उत्तर या विषयाच्या स्वभावातच आहे. सूक्ष्मजीवशास्त्र हे वाट पाहण्याचं शास्त्र आहे. गाढी नदीचं पाणी पहिल्या वर्षाच्या वर्गासाठी आणून त्यातले कॉलिफॉर्म जिवाणू मोजणारी एमपीएन चाचणी लावली असं समजा. देहरंग धरणामुळे पनवेलकरांचं या नदीशी पिण्याच्या पाण्याचं नातं आहे, तेव्हा मुलांना यात आपोआप रस असतो. मॅकॉन्की ब्रॉथच्या नळ्या भरल्या, आत ड्युरॅमच्या छोट्या नळ्या उलट्या सोडल्या, पाणी घातलं, ३७ अंशांना ठेवल्या. आता २४ तास, कधी ४८ तास काही करायचं नाही. मुलं घरी जातात आणि पुढच्या प्रात्यक्षिकाला येईपर्यंत आपण काय लावलं होतं तेच विसरतात. हीच वेळ ऑनलाइन साहित्याची आहे. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून नळ्यांचा फोटो वर्गाच्या गटावर यावा: जांभळा ब्रॉथ कुठे पिवळा झाला, कुठल्या नळीत वायूचा बुडबुडा अडकला. मुलांनी घरी बसून तक्ता काढावा आणि आकडा सांगावा. आकडे जुळले नाहीत की वाद होईल, आणि तो वाद पुढच्या तासाला प्रयोगशाळेत मिटेल. कॉलिफॉर्म सापडले म्हणजे पाणी विषारी ठरलं का, की पुढच्या दोन चाचण्या करायच्या, हेही तिथेच कळेल. असा धागा एकदा जुळला की व्हायवासाठी वेगळी घोकंपट्टी करावी लागत नाही.

परदेशी साहित्याला मर्यादा आहेत, हेही स्पष्ट म्हटलं पाहिजे. ओपनस्टॅक्सचं पुस्तक मुख्यतः आरोग्यसेवेत जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं आहे. त्यात रोग, रुग्ण, प्रतिजैविकं भरपूर. पण आपल्या विद्यार्थ्याला लागणारं दही, इडलीचं पीठ, कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी, खाडीचा चिखल यांवर तिथे फारसा भर नाही. तरीही त्या पुस्तकाचा परवाना असा आहे, की श्रेय देऊन कुणीही त्याचं भाषांतर करू शकतं, त्यात भर घालू शकतं. मराठी विश्वकोशाने सूक्ष्मजीवशास्त्राच्या परिभाषेची वाट आधीच मोकळी केलेली आहे. उणीव आहे ती प्रयोगशाळेत उभं राहून मराठीत बोलणाऱ्या शिक्षकाच्या फितींची. ती उणीव दिल्ली भरून देणार नाही, अमेरिका तर नाहीच नाही.

म्हणून पनवेलच्या विज्ञान महाविद्यालयांना, रयत शिक्षण संस्थेच्या महात्मा फुले महाविद्यालयाला, खांदा कॉलनीतल्या चांगू काना ठाकूर महाविद्यालयाला, नवीन पनवेलच्या पिल्लई महाविद्यालयाला, माझी विनंती आहे. येत्या सुटीत सूक्ष्मजीवशास्त्राच्या शिक्षकांनी एकत्र बसावं. पहिल्या वर्षाची दहा प्रात्यक्षिकं निवडावीत आणि आपल्याच टेबलावर, आपल्याच बर्नरपुढे, मराठीत बोलत ती चित्रित करावीत. चुकलेल्या स्लाइडही दाखवाव्यात, त्या का चुकल्या तेही सांगावं. एक साधा मोबाइल, एक तिपाई आणि प्रयोगशाळा सहायकाची मदत, यापलीकडे काही लागत नाही. फिती सर्व महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना खुल्या ठेवाव्यात. आणि प्रत्येक फितीच्या शेवटी पुढचं प्रात्यक्षिक कोणत्या वारी, किती वाजता आहे ते सांगावं.