नाटक न पाहिलेली मुले

मे महिन्याची सुट्टी लागली की पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत बालनाट्यांच्या जाहिराती दिसू लागतात. चेटकीण, राक्षस, राजपुत्र असा सगळा परिवार नाट्यगृहांत मुक्कामाला येतो आणि आजी-आजोबांचे बोट धरून आलेली नातवंडे मध्यंतरातील बटाटेवड्यासह तो सोहळा मनमुराद भोगतात. नातीचे बोट धरून मीही त्या रांगेत उभा राहिलेला आहे. तेव्हा या आनंदाला नाक मुरडण्याचा मला अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही. प्रश्न आहे तो त्या रांगेत नसलेल्यांचा. चौघांच्या कुटुंबाला ही एक दुपार प्रवासखर्चासह हजार-बाराशे रुपयांच्या आत पडत नाही. ज्यांच्यापासून नाट्यगृहच पन्नास-साठ किलोमीटर दूर आहे, त्यांच्या बाबतीत तर तिकिटाच्या दराची चर्चाही व्यर्थ होय. निवृत्तीनंतर माझे जिल्हा परिषदेच्या काही शाळांत जाणे-येणे होते. तेथे सातवीच्या वर्गात मी विचारतो, ‘नाटक कुणी पाहिले आहे?’ हात वर होतात ते स्नेहसंमेलनातल्या नाचांच्या आठवणीने. मुलांसाठी म्हणून मोठ्या माणसांनी मनःपूर्वक केलेले नाटक पाहिलेला विद्यार्थी मला तेथे क्वचितच भेटला.

मराठीत अशी नाटके नाहीत असे मुळीच नाही. सुधा करमरकरांनी १९५९ साली मुंबईत ‘लिटल थिएटर’ची स्थापना केली ती मुलांचे नाटक नेपथ्यात, प्रकाशयोजनेत आणि अभिनयात मोठ्यांच्या नाटकाइतकेच कसदार असले पाहिजे, या आग्रहापोटी. त्यांच्या संस्थेचे ‘मधुमंजिरी’ हे नाटक रत्नाकर मतकरींचे. पुढे मतकरींनी स्वतःची ‘बालनाट्य’ ही संस्था काढली आणि ती दीर्घकाळ निष्ठेने चालविली. त्यांचे ‘अलबत्या गलबत्या’ २०१८ साली नव्याने रंगभूमीवर आले, तेव्हा पहिल्या प्रेक्षकांची नातवंडे पोचण्याचे वय झाले होते, तरी त्याला गर्दी लोटली. पुण्यात १९८६ मध्ये थिएटर ॲकॅडमीने बर्लिनच्या ‘ग्रिप्स’ रंगभूमीच्या धर्तीवर ‘छान छोटे वाकडे’ सादर केले. डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने आलेल्या या धाटणीत परी नाही, राक्षस नाही. मोठी नटमंडळीच मुलांच्या भूमिका करतात आणि विषय असतात ते घरातले, शाळेतले, शेजारच्या वाड्यातले. म्हणजे लेखक होते, दिग्दर्शक होते, प्रेक्षकही होते. नव्हती ती फक्त ही नाटके तिकीट न परवडणाऱ्या मुलापर्यंत नेण्याची नियमित व्यवस्था, आणि ती आजही नाही.

खेड्यात नाटकाची हौस नाही, असा एक समज शहरात प्रचलित आहे. त्यांनी झाडीपट्टीत एकदा जाऊन यावे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या भागात धानाची कापणी आटोपली की गावोगावी रात्र-रात्रभर नाटके चालतात. देसाईगंज-वडसा येथे नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत, तेथे येऊन गावाचे कारभारी प्रयोग ठरवितात, तिकिटे विकली जातात आणि कडाक्याच्या थंडीत माणसे पहाटेपर्यंत बसून राहतात. या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये ‘पद्मश्री’ मिळाली. कोकणात दशावतार आहे, गोव्यात तियात्र आहे. रसिकतेचे दारिद्र्य कोठेच नाही. परंतु हे सारे मोठ्यांसाठी असते, मुले त्यात आईच्या मांडीवर झोपून सामील होतात.

मग मुलांसाठी हे बाजार का करीत नाही? येथे माझ्या जुन्या विषयाचा आधार घेतो, वाचकांनी क्षमा करावी. १९६६ साली विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी नाटक-संगीताच्या अर्थव्यवहारावर एक ग्रंथ लिहिला. त्यातला मुद्दा अगदी साधा आहे. कारखान्यात यंत्रे सुधारतात, एका कामगाराच्या हातून पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक माल निघतो, म्हणून मजुरी वाढूनही वस्तू स्वस्त होऊ शकते. परंतु चार वादकांनी मिळून वाजवायची अर्ध्या तासाची रचना शंभर वर्षांपूर्वीही चार माणसे आणि अर्धा तास घेत असे, आजही तेवढाच घेते. तेथे उत्पादकता वाढत नाही. मात्र त्या वादकालाही इतरांच्या बरोबरीने पोट भरायचे असते. परिणामी जिवंत कलाप्रयोग इतर वस्तूंच्या तुलनेत सतत महाग होत जातो. घड्याळ स्वस्त झाले, दूरचित्रवाणी संच स्वस्त झाला, फोन स्वस्त झाला. नाटक स्वस्त होणार नाही. हा निर्मात्याचा लोभ नव्हे की नटाचा हट्ट नव्हे, हा त्या कलेच्या प्रकृतीचाच भाग आहे. बालनाट्याला तर आणखी एक अडचण. मोठ्यांच्या नाटकाला हजाराचे सभागृह भरवून खर्च वाटता येतो. मुलांना नट जवळून दिसावा लागतो, त्याच्याशी बोलता यावे लागते. तीनशेच्या पुढे मुले गेली की मागची शंभर आपसांत मारामारी करू लागतात, हे कोणताही शिक्षक सांगेल.

तेव्हा गरिबाच्या मुलाला नाटक दिसायचे असेल, तर तिकीट कुणी दुसऱ्याने काढले पाहिजे. प्राथमिक शिक्षणाच्या बाबतीत हे तत्त्व आपण केव्हाच मान्य केले, दुपारच्या भोजनाच्या बाबतीतही केले. कलेपाशी आले की मात्र आपला हात आखडतो.

कायदा तसा आखडता नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातच लिहिले आहे की, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरापेक्षा अधिक मुले असतील तर तेथे कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत. हे निदेशक आपल्या राज्यात मानधनावर नेमले गेले आणि त्यांच्या वाट्याला वर्गाइतकीच न्यायालयाची पायरीही आली. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने २००५ मध्ये संगीत, नृत्य, दृश्यकला व नाट्य यांना शालेय शिक्षणाचे अंग मानले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने कलेतून शिक्षणाचा उद्घोष केला. आमच्याकडे त्याचा व्यावहारिक अनुवाद असा झाला की चित्रकला, शास्त्रीय कला, लोककला यांचे प्रमाणपत्र असेल तर दहावीला वाढीव गुण मिळतात. ज्याच्या घरी शिकवणीचे पैसे आहेत, तो हे गुण घेतो. कलेची गोडी लागावी म्हणून काढलेली वाट अशा रीतीने टक्केवारीच्या बाजारात जाऊन पोचली.

नाटक करणे आणि नाटक पाहणे या दोन गोष्टींची गल्लतही आपण नेहमी करतो. राज्य शासनाच्या बालनाट्य स्पर्धा होतात, त्या व्हाव्यात. परंतु स्पर्धेत उतरतात ती निवडक मुले, आणि पुष्कळदा मोठ्यांच्या हौसेची पाठ केलेली वाक्ये ती म्हणतात. गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्ना’तला शिक्षक मुलांना नाटके करू देतो, तेव्हा त्याला बक्षीस नको असते, मुलांचा संकोच गेलेला हवा असतो. त्यांच्याच भावनगरच्या बालमंदिरात ताराबाई मोडक घडल्या आणि तो वारसा त्यांनी ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी भागात कोसबाडच्या टेकडीवर नेला. करणे हे असे वर्गात, रोजच्या शिकण्यात मिसळलेले असावे. मात्र ज्याने चांगले गाणे ऐकलेच नाही त्याला गायला सांगावे, तसेच नाटक न पाहिलेल्या मुलाला नाटक करायला सांगण्याचे आहे. तो मग पडद्यावर पाहिलेलेच पुन्हा करतो. आपल्या स्नेहसंमेलनांची जी अवस्था झाली आहे, तिचे कारण मला येथे दिसते. त्यासाठी मुलांना किंवा शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही.

‘आता मुलांच्या हातात फोन आहे, त्यावर हवी तेवढी नाटके पाहता येतात,’ असे एका सुशिक्षित गृहस्थांनी मला ऐकविले. मी आठ-नऊ वर्षांचा असताना आमच्या तालुक्याच्या गावी शाळेच्या पटांगणात बाके जुळवून केलेल्या रंगमंचावर एक नाटक झाले. ऐन दरबारात राजाची मिशी ओघळली आणि तो आमच्याच बाजारपेठेतल्या कापड दुकानात गज घेऊन बसणारा माणूस आहे, हे आम्हां सर्वांना कळले. हशा पिकला. तरीही पुढच्या प्रवेशात त्याला राज्य सोडून वनात जावे लागले, तेव्हा माझ्या शेजारचा मुलगा हुंदके देत होता, आणि खरे सांगायचे तर मीही. हे खोटे आहे हे ठाऊक असतानाही दुसऱ्याच्या दुःखात शिरणे, आणि ते शेकडो माणसांच्या सोबतीने, समोर श्वास घेणाऱ्या माणसाकडे पाहत, हा अनुभव पडद्यातून मिळत नाही. केवळ माझ्या आठवणीवर कुणी विसंबू नये. अमेरिकेत जे ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडत काढून काही विद्यार्थी-गटांना नाटकाला पाठविले आणि इतरांशी त्यांची तुलना केली; २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार नाटक पाहिलेल्यांना कथानक आणि शब्द अधिक अवगत झाले, दुसऱ्याच्या दृष्टीने पाहण्याची वृत्तीही वाढली. चित्रपट दाखविलेल्या मुलांत तसा फरक दिसला नाही. ह्यूस्टन शहरातील ४२ शाळांत याच सोडत पद्धतीने झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कलाशिक्षण वाढविलेल्या शाळांत बेशिस्तीच्या तक्रारी ३.६ टक्क्यांच्या फरकाने कमी झाल्या आणि लेखनाचे गुण वाढले. गणित व वाचन यांचे काही नुकसान झाल्याचे आढळले नाही. अमेरिकेतले निष्कर्ष जसेच्या तसे येथे लावावेत असे मी म्हणत नाही, पण कला म्हणजे अभ्यासाचा वेळ खाणारी चैन, हा आक्षेप यापुढे पुराव्यानिशी करावा लागेल.

याहून गंभीर आक्षेप आमच्याच मित्रांचा असतो. शाळेत स्वच्छतागृह धड नाही, एक शिक्षक दोन-दोन वर्ग सांभाळतो, आणि तुम्हांला नाटक सुचते! हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. परंतु गरिबाच्या बाबतीत प्रत्येक वेळी आधी पोट, मग बाकीचे, असा क्रम लावला की ते ‘बाकीचे’ कधीच येत नाही. आणि खर्च खरोखर किती आहे? माझा अंदाज मांडतो, त्यातल्या चुका कुणीही दाखवाव्यात. आठ जणांचे एक पथक, प्रत्येकाला दरमहा ३०,००० रुपये वेतन, म्हणजे वर्षाला २८ लाख ८० हजार. गाडी, सामान, दुरुस्ती, मुक्काम यांचे १२ लाख धरू. एकूण सुमारे ४१ लाख. आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला दोन प्रयोग, प्रत्येकी ३०० मुले, असे वर्षातून २५ आठवडे. उरलेला काळ तालमींना आणि शिक्षकांच्या शिबिरांना. ७५,००० मुले नाटक पाहतात. एका मुलामागे ५५ रुपये. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करावा, असे कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये सांगितले आणि २०२० चे धोरणही तेच सांगते. त्या सहा टक्क्यांच्या हिशेबात हे ५५ रुपये दिसणारही नाहीत.

पथक मात्र सरकारी प्रचारखात्याचे होऊ नये. योजनांची जाहिरात करणारी पथनाट्ये मुलांनी पुष्कळ पाहिली आहेत आणि ती त्यांना नाटक वाटत नाहीत, यात मुलांची समजच दिसते. पैसा जिल्हा परिषदेचा, निवड रंगकर्मी, शिक्षक व पालक यांच्या समितीची, अशी काही रचना करावी लागेल. राष्ट्रीय नाट्यविद्यालयाने १९८९ पासून चालविलेली ‘संस्कार रंग टोली’ सार्वजनिक पैशातून मुलांसाठी रंगकार्य होऊ शकते हे दाखविते. पण दिल्लीतले एक पथक आपल्या तालुक्याला काय पुरणार?

राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाची आठवण या पानाच्या वाचकांना करून द्यायला नको. वसंत बापटांसारखा कवी त्यात होता, पु. ल. देशपांड्यांनी त्यासाठी लिहिले, निळू फुले त्यातून पुढे आले. ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेने मतकरींच्या सहकार्याने वस्तीतल्या मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला, तोही याच परंपरेतला. परंतु एक कटू गोष्ट बोलली पाहिजे. कलावंताला चहा-पोहे आणि एसटीचे भाडे यांपलीकडे काही द्यावे लागते, हे आमच्या चळवळीने कधी नीट मानले नाही. त्यागावर पिढीभर काम चालले, मग त्याग करणारे म्हातारे झाले. वर मांडलेल्या हिशेबात मी वेतन प्रथम लिहिले आहे, ते याकरिता.

दोन वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी एका शाळेत बालनाट्याचा प्रयोग न्यायचे ठरविले होते. मुख्याध्यापक आधी शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावाचा दिवस बुडेल म्हणून कचरले, मग राजी झाले; पण वरच्या कार्यालयातून कागद परत आला. शेरा होता, ‘सदर खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकावा?’ विचारणारा लिपिक चुकला नव्हता. तसे लेखाशीर्षच नव्हते. ते एखाद्या जिल्हा परिषदेने येत्या अंदाजपत्रकात उघडावे. आरंभाला ४१ लाखही नकोत. एका तालुक्यापुरते सात लाख ठेवले तर वरच्याच दराने एक महिना तालीम, एक महिना प्रयोग आणि बारा हजार मुले, एवढे काम होते.