मुलांचं ग्रीनकार्ड : भारतात परतण्याआधी एवढं कराच

अमेरिकेतील मराठी कुटुंबांना आणि त्यांच्या भारतातल्या आजी-आजोबांना जाहीर आवाहन



शाळेचं वर्ष संपलं की दर उन्हाळ्यात आपल्यातली काही कुटुंबं भारताची वाट धरतात. कुणाचे आईवडील थकलेले असतात, कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाला वाटतं की मुलांनी चार वर्षं आजी-आजोबांजवळ काढावीत. निर्णय ज्याचा त्याचा, त्यात बाहेरच्यानं नाक खुपसू नये. मात्र घर विकणं, सामानाचा कंटेनर, पुण्यातला शाळाप्रवेश अशा लांबलचक यादीत मुलाच्या कायमस्वरूपी वास्तव्याच्या हक्काचं पुढे काय, हा प्रश्न बहुधा नसतो. तो यादीत सर्वांत वर घ्यावा, एवढ्यासाठी हे आवाहन.

प्रश्न आहे तो भारतात जन्मून आईवडिलांबरोबर ग्रीनकार्डावर इथे आलेल्या मुलांचा. अनेक घरांत थोरला पुण्यात जन्मलेला असतो आणि धाकटी न्यू जर्सीत. धाकटी इथली नागरिक. ती दहा वर्षांनी परत आली तरी तिला कुणी अडवणार नाही. थोरल्याचं तसं नाही. एकाच विमानानं गेलेली ही भावंडं चार वर्षांनी परतली, तर एक सरळ बाहेर पडेल आणि दुसऱ्याला चौकशीच्या खोलीत बसावं लागेल.

गैरसमज तीन आहेत आणि तिन्ही महागात पडतात.

पहिला, ‘कार्ड अजून सहा वर्षं चालतं.’ कार्डावरची तारीख कार्डाची आहे, बाहेर राहण्याच्या परवानगीची नाही. सलग एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ देशाबाहेर राहिलं, की परत येण्याचं कागदपत्र म्हणून नुसतं कार्ड चालत नाही. 180 दिवसांच्या पुढे गेलं, तरी दारात नव्यानं प्रवेश मागणाऱ्यासारखी तपासणी होऊ शकते.

दुसरा, ‘वर्षातून एकदा पाय लावून आलं की झालं.’ कायदा पाहतो तो हा, की तुमचं खरं घर कुठे आहे. मुलाचं नाव पुण्याच्या शाळेच्या पटावर आहे, आईवडिलांची नोकरी हिंजवडीत आहे आणि दर मे महिन्यात दोन आठवडे न्यू जर्सीला फेरी आहे. यातून कायमचं वास्तव्य सिद्ध होत नाही. विमानतळावरचा अधिकारी मुलालाच विचारू शकतो, कितवीत आहेस, कुठल्या शाळेत जातोस? मूल खरं ते सांगून टाकतं.

तिसरा, ‘तो लहान आहे, त्याला कोण विचारतंय?’ लहान आहे म्हणूनच धोका जास्त. अल्पवयीन मुलाला स्वतंत्र इरादा असतो असं इमिग्रेशनचा कायदा मानत नाही, आईवडिलांचा इरादा तोच मुलाचा धरला जातो. आपण वास्तव्य सोडलं, की आपल्या ताब्यातल्या मुलानंही सोडलं असं ठरू शकतं. पुढे अठराव्या वर्षी त्याला इथे शिकायचं असेल, तर तो परदेशी विद्यार्थी म्हणून रांगेत उभा राहील. आईवडिलांपैकी एक जण इथे असेल तर नव्यानं अर्ज करता येतो. दोघांचंही ग्रीनकार्ड गेलेलं असेल, तर त्याच्यासाठी अर्ज करणारं आईवडिलांपैकी कुणी उरत नाही.

माहेरच्या बाळंतपणाविषयी वेगळं सांगायला हवं. ग्रीनकार्ड असलेली आई तात्पुरती भारतात गेली आणि बाळ तिथे जन्मलं, तर ते दोन वर्षांचं होण्याआधी तिच्याबरोबर व्हिसाशिवाय इथे येऊ शकतं. अट अशी, की जन्मानंतर आईच्या पहिल्याच परतीच्या प्रवासात बाळ सोबत हवं. रजा संपली म्हणून आई एकटी परतली आणि बाळ सहा महिने आजीकडे राहिलं, तर ही सवलत गेली. मग रीतसर अर्ज आणि प्रतीक्षा. नाशिक-कोल्हापूरच्या आज्यांना हात जोडून विनंती : ‘तू हो पुढे, मी बघते बाळाचं’ हे प्रेमानं म्हणण्याआधी एकदा वकिलाला विचारू द्या.

निघण्याआधी करायच्या गोष्टी अशा :

1. मुक्काम वर्षाच्या पुढे जाण्याची शक्यता असेल, तर रीएंट्री परमिटसाठी (परत येण्याच्या परवान्यासाठी) आय-131 अर्ज भरा. तो प्रत्येक मुलाचा स्वतंत्र लागतो आणि दाखल होताना मूल अमेरिकेतच असावं लागतं. पुण्याला पोचल्यावर आठवण होऊन उपयोग नाही. 14 वर्षं पूर्ण झालेल्यांना बोटांचे ठसेही द्यावे लागतात. परमिट जास्तीत जास्त दोन वर्षांचं मिळतं आणि त्याला मुदतवाढ नसते.

2. परतायचंच आहे, याचा पुरावा जपा. इथलं घर किंवा भाडेकरार, बँक खातं, भारतातल्या नोकरीची ठरलेली मुदत, आजारपणासाठी गेला असाल तर डॉक्टरांचे कागद. कराचं विवरणपत्र ‘अनिवासी’ म्हणून भरू नका. थोडा कर वाचेल, पण वास्तव्य सोडल्याचा लेखी पुरावा तुम्हीच दिलेला असेल.

3. मुलाचा चौदावा वाढदिवस लक्षात ठेवा. त्यानंतर 30 दिवसांत आय-90 अर्ज करून नवं कार्ड घ्यायचं असतं. वाढदिवस भारतात झाला, तर परतल्यावर 30 दिवसांत.

4. नागरिकत्व जवळ आलं असेल तर थोडं थांबा. आई किंवा वडील नागरिक झाले, तर त्यांच्या ताब्यात आणि याच देशात राहणारं 18 वर्षांखालचं ग्रीनकार्डधारक मूल आपोआप नागरिक होतं. 2001 पासून कायदा असा आहे. ‘याच देशात राहणारं’ हे शब्द पुन्हा वाचा. वडिलांनी इथे शपथ घेतली आणि मुलगी सांगलीला आजीकडे शिकतेय, तर तिला हे आपोआप मिळत नाही. नागरिकत्व घेऊन मग गेलात, तर भारतीय नागरिकत्व सोडावं लागेल, पण ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डावर भारतात हवं तितकं राहता येईल आणि मुलासाठी इथलं दारही उघडं राहील.

5. विमानतळावर अधिकाऱ्यानं आय-407 अर्ज पुढे केला, तर घाईनं सही करू नका. तो अर्ज म्हणजे वास्तव्य स्वेच्छेनं सोडल्याची कबुली. लहान मुलाच्या वतीनं पालकांची सही घेतली जाते. सही नाकारून इमिग्रेशन न्यायाधीशापुढे म्हणणं मांडण्याचा हक्क तुम्हाला आहे.

ज्यांना देशाबाहेर वर्ष उलटून गेलंय, त्यांनीही हातपाय गाळू नयेत. गंभीर आजारपणासारख्या आपल्या हाताबाहेरच्या कारणानं मुक्काम लांबला असेल, तर अमेरिकी वकिलातीकडे रिटर्निंग रेसिडेंट व्हिसा मागता येतो. तो सहज मिळत नाही, कारण पटवून द्यावं लागतं.

इतर देशांतल्या मराठी कुटुंबांनीही आपापले नियम पाहावेत. कॅनडात पाच वर्षांत 730 दिवस देशात राहण्याची अट आहे. मात्र नागरिक असलेल्या आई किंवा वडिलांसोबत मूल बाहेर राहिलं, तर ते दिवसही धरले जातात. ब्रिटनमध्ये सलग दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिलं की ‘इन्डेफिनिट लीव्ह’ (कायम राहण्याची परवानगी) सामान्यतः संपते. सिंगापूरमध्ये वैध रीएंट्री परमिट नसताना देशाबाहेर राहिलं, तर पीआर (कायमस्वरूपी वास्तव्य) जाऊ शकतं.

महाराष्ट्र मंडळांना आणि मराठी शाळांना माझी एक साधी मागणी आहे. ‘आम्ही भारतात चाललोय, नाव काढा’ असा निरोप पालकांकडून येतो, तेव्हा आपण निरोपसमारंभ करतोच. त्याआधी ‘मुलाच्या ग्रीनकार्डाचं काय केलंत?’ एवढं विचारा. वर्षातून एकदा, शाळा सुटण्याच्या दोन-तीन महिने आधी, इमिग्रेशनच्या वकिलाला मंडळात बोलवा. आपल्यातले जे वकील आहेत त्यांनी त्या दिवसाचे दोन तास द्यावेत. व्हॉट्सॲपवर ‘आमच्या भाच्याचं काही झालं नाही’ असा दाखला देणाऱ्यांनी जरा सबुरीनं घ्यावं. प्रत्येकाची तारीख वेगळी, कागद वेगळे.

परतायचं की राहायचं, हे आपण मोठ्या माणसांनी आपल्या बुद्धीनं ठरवतो. मुलाला त्यात मत नसतं. त्याचे परिणाम भोगायची पाळी मात्र त्याच्यावर येते. म्हणून ज्यांची तिकिटं येत्या सुट्टीची आहेत, त्यांनी या आठवड्यातच प्रत्येक मुलाचं कार्ड आणि पासपोर्ट काढून तारखा लिहाव्यात आणि वकिलाची वेळ घ्यावी. ज्यांची नाहीत, त्यांनी हे आवाहन ज्यांची आहेत त्यांच्यापर्यंत पोचवावं.

आपला,
मराठी शाळेतला एक स्वयंसेवक शिक्षक