चावी फिरवण्याआधी बोनेट उघडा



चातुर्मासात आपला प्रवास कमी होतो. त्यात मुलं परगावी आणि यजमानांना गाडी चालवणं झेपत नाही, अशा कितीतरी घरांत जुनी मारुती कव्हर घालून महिनोन् महिने उभी असते. दिवाळीच्या तोंडावर तिची गरज लागते आणि ती सुरूच होत नाही. मग घरात लगेच निकाल लागतो, "बॅटरी गेली, नाहीतर भंगारात द्या." हा निकाल घाईचा असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडीचं दुखणं बऱ्याचदा तिच्या आवाजावरून कळतं, आणि तो ऐकण्यासाठी मेकॅनिकच असावं लागत नाही.

पण चावीच्याही आधी बोनेट उघडा. उभ्या गाडीत उंदीर एअर फिल्टरच्या डब्यात घरटं करतात, वायरी कुरतडतात. मांजराची पिल्लं उबेला बसतात, पाली असतात. पाणी गाळून पिणाऱ्या आपण न बघता इंजिन कसं फिरवायचं? जीवही वाचतो आणि तुटकी वायरही दिसते. पेट्रोलचा उग्र वास आला, तर सुरू करायचा प्रयत्नच नको, सरळ मेकॅनिकला बोलवा.

आता चावी फिरवा. नुसतं टिक-टिक झालं, दिवे मंद झाले, तर बहुधा बॅटरी उतरली आहे. उतरलेली म्हणजे निकामी नव्हे. टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी असेल, तर हातमोजे घालून कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून पुसा. वायर काढताना वजाची आधी, लावताना वजाची शेवटी. मग बॅटरी चार्ज करून घ्या. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास ठेवल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. चार्ज टिकतच नसेल, तरच नवी घ्यायची.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. पेट्रोल किंवा ठिणगी पोचत नाही. इंजेक्शनच्या गाडीत चावी ऑन केल्यावर मागून दोन-तीन सेकंद बारीक घरघर ऐकू येते, तो पेट्रोल पंप. तो गप्प असेल तर आधी फ्यूज तपासायला सांगा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल उडून जाऊन चिकट थर बसतो, तो साफ करावा लागतो. काहीही असो, सेल्फ सलग दहा सेकंदांहून जास्त मारू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा. नाहीतर चांगली बॅटरीही उतरते आणि सेल्फ तापतो.

हे बाईला कशाला कळायला हवं, असं कुणी म्हणेल. रात्री सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं असतं, तेव्हा घरात बहुधा आपणच असतो. शिवाय "सेल्फ फिरतो, पंपाचा आवाज येत नाही" असं फोनवर सांगणाऱ्या बाईच्या गळ्यात नको असलेली बॅटरी सहज मारता येत नाही.

चतुर्दशी आपण विसरत नाही. तिच्या दुसऱ्या दिवशी गाडी अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणा. जागेवर पाच मिनिटं चालू ठेवल्याने बॅटरी भरत नाही, आणि बंद शेडमध्ये तर इंजिनाच्या धुराने जिवाला धोका असतो.