शोभेची घाणेरी

दीपनगरच्या वसाहतीत कुंपणालगत आम्ही हौसेने घाणेरी लावली होती. भुसावळच्या उन्हातही ती फुलते, फारसे पाणी मागत नाही, गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. एवढे गुण आम्हांस पुरेसे वाटले. पुढे तेच भोवले. बुलबुलांनी फळे खाऊन बिया पसरवल्या आणि कुंपणापलीकडचे गवत नाहीसे झाले. मूळची अमेरिकेतली ही वनस्पती १८०९ च्या सुमारास कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठीच आली. आज सातपुड्यातही तिच्या जाळ्या माजल्या आहेत. तिला ‘घाणेरी’ म्हणून आपण नामानिराळे होतो. परंतु निगा न राखता बाग फुलावी, हा हव्यास आमचाच होता. तेव्हा फळे धरण्यापूर्वी तिला मुळासकट उपटण्याचे कष्टही आमचेच.