कर्म, कम्म आणि आपल्या बायांचं दुखणं

‘आपल्याच कर्माचे भोग’ हे वाक्य शिरूर कासारच्या वस्त्यांवर आम्हाला रोज ऐकू येते. कंबर धरली, अंगावरून पांढरे जाऊ लागले, खोकला महिनाभर थांबेना, तरी कारण एकच सांगितले जाते. म्हणणारी माणसे विहारात त्रिसरण-पंचशील घेणारी असतात. घरातल्या भिंतीवरची तसबीर बदलली, पण जिभेवरचा शब्द जुनाच राहिला. आरोग्याच्या पानावर या शब्दाची चर्चा करतो आहोत, कारण हा शब्द माणसाला दवाखान्यापर्यंत पोहोचू देत नाही.

‘कर्म’ म्हणजे मुळात काम, कृती. वैदिक परंपरेत त्याचा अर्थ यज्ञविधी असा झाला. ‘कर्मकांड’ हा शब्द तिथलाच. पुढे उपनिषदांत त्याला पुनर्जन्म जोडला गेला. चांगल्या आचरणाचा माणूस ब्राह्मण, क्षत्रिय किंवा वैश्य म्हणून जन्मतो आणि वाईट आचरणाचा कुत्रा, डुक्कर किंवा चांडाळाच्या योनीत जातो, असे छांदोग्य उपनिषद सांगते. गीतेने फळाची आशा सोडून कर्म करायला सांगितले, पण ते कर्म वर्णाने नेमून दिलेले. मग संचित आणि प्रारब्धाचा हिशेब आला. जात कर्माने, गरिबी कर्माने आणि आजारही कर्माने! मग जाब विचारायचा कोणाला?

बुद्धांनी शब्द तोच घेतला, पालीत ‘कम्म’. अर्थ मात्र बदलला. कम्म म्हणजे चेतना, जाणूनबुजून केलेली कृती. वसल सुत्तात त्यांनी सांगितले की जन्माने कोणी हीन होत नाही आणि ब्राह्मणही होत नाही. माणूस ठरतो तो कृतीने.

दुखण्याविषयी तर संयुत्त निकायातले सीवक सुत्त प्रत्येक घरात वाचले जावे. मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना विचारले, माणसाला होणारे सगळे सुखदुःख पूर्वकर्मामुळेच होते असे काही जण म्हणतात, आपले मत काय? बुद्धांनी आठ कारणे मोजून दाखवली. पित्त, कफ, वात, या तिन्हींचा एकत्र बिघाड, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेली इजा आणि आठवे कम्माचे फळ. सगळ्याला पूर्वकर्मच कारण म्हणणे चूक आहे, असा त्यांचा स्पष्ट निर्वाळा आहे.

कोणी म्हणेल, आठवे कारण आहेच की, जातककथांतही मागचे जन्म आहेत. आहेत. अनेक देशांतले बौद्धही ते मानतात. पण आठांतल्या एकाला धरून उरलेली सात सोडायची का? बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माची कल्पना नाकारली. गोरगरिबांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकावी, एवढाच तिचा उपयोग, हे त्यांनी दाखवून दिले.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर बीडच्या ऊसतोड महिलांची पाहणी आली. ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे सहा जणींमागे एक. एवढ्या बायांनी मागच्या जन्मी एकच पाप केले होते का? कारणे फडात दिसतात. उचल घेतलेली, खाडा पडला की पैसे कापले जातात, म्हणून पाळीतही सुटी नाही. डोक्यावर मोळी, राहायला कोपी, ना संडास ना न्हाणी. मग जंतुसंसर्ग होतो, आणि औषधाने बरे होणाऱ्या दुखण्यावर कॅन्सरची भीती घालून ऑपरेशन सांगितले जाते. हे शरीराच्या हेळसांडीचे फळ आहे, आणि ती हेळसांड बाईने केलेली नाही, तिच्यावर लादलेली आहे.

म्हणून आमचे सांगणे असे. अंगावरून जाणाऱ्या पांढऱ्याला वास येत असेल, रंग बदलला असेल, खाज किंवा ओटीपोटात दुखत असेल तर लाजू नका, आधी तपासणी आणि औषध घ्या. नवऱ्यालाही उपचार लागेल का, हे विचारा. कोणी पिशवी काढायला सांगितले तर सोनोग्राफीचा कागद मागा आणि सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. आपल्या जिल्ह्यात या ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचा नियम झाला, तो ती परवानगी मागून वापरा. बीजकोशही काढले तर ऐन तारुण्यात पाळी गेल्याचा त्रास होतो आणि हाडे ठिसूळ होतात, हे आधी समजून घ्या. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर बेडका तपासा. टीबीची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे.

आणि विहारात रविवारच्या वंदनेनंतर सीवक सुत्त समजावून सांगा. टोळ्या कारखान्यावर निघण्याआधी बायांची तपासणी झाली का, हे पंचायतीला आणि आशाताईला विचारा. दुखणाऱ्या बाईला दवाखान्यात नेणे, तिच्या खाड्याचे पैसे कापू नका म्हणून मुकादमाशी बोलणे, हेच आपले कुशल कम्म.

जय भीम! नमो बुद्धाय!