खलाशाच्या कोटाचे साल

अमेरिकेच्या आरमारातील सामान्य खलाशाला पूर्वी सरकारी कोठीतून मिळणारा, गडद निळ्या जाड लोकरीचा, छातीवर एका पदरावर दुसरा पदर घेऊन बटणांच्या दोन रांगा मिरविणारा आणि कमरेखाली थोडाच उतरणारा जो आखूड कोट ‘पीकोट’ या नावाने सर्वत्र ओळखला जातो, त्याचे जुने नमुने जमविणे, त्यांचा काळ निश्चित करणे आणि बॉस्टनच्या हिवाळ्यात ते प्रत्यक्ष अंगावर घालणे, हा माझा अनेक वर्षांचा व्यासंग आहे. सैनिकी वस्तूंच्या संग्राहकांचे लक्ष सामान्यतः तलवारींकडे आणि पदकांकडे वळते. परंतु पदक हे पराक्रमाच्या एखाद्या क्षणाचे स्मारक असते आणि हा कोट मात्र, ज्याचे नाव कोणत्याही बखरीत येणार नाही अशा, मध्यरात्रीच्या पहाऱ्यावर वाऱ्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या कोवळ्या वयाच्या मुलाच्या अंगावर महिनोन्‌महिने वावरलेला असतो. मला त्याचे मोल अधिक वाटते.

या कोटाचे सारे वैभव त्याच्या कापडात आहे. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत आरमार जे कापड वापरीत असे त्याला कर्झी म्हणतात. एका वाराला तीस औंसांच्या आसपास, म्हणजे सुमारे साडेआठशे ग्रॅम वजनाचे, घट्ट विणीचे आणि पृष्ठभागावर एकाच दिशेने बसविलेली बारीक लव असलेले हे कापड उन्हात धरले असता त्यातून निळसर झळाळी उमटते, आणि पावसाची झिमझिम त्याच्या लवेवर थेंबाथेंबाने थबकून राहते. झटकली की खाली पडते. 1967-68 च्या सुमारास कर्झीची जागा मेल्टन या कापडाने घेतली. मेल्टनही उबदार आहे, टिकाऊ आहे, आणि ज्यांना प्रथमच असा कोट घ्यावयाचा आहे त्यांनी तो निःशंकपणे घ्यावा; परंतु त्याची लव कातरून सपाट केलेली असल्यामुळे तो निस्तेज दिसतो, आणि ज्याने एकदा कर्झीवरून हात फिरविला त्याचे समाधान मेल्टनने होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

काळनिर्णयाचा विषय निघाला की नवखा मनुष्य प्रथम बटणांकडे पाहतो, आणि ते स्वाभाविकही आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या कोटांच्या काळ्या बटणांवर दोराचा वेढा पडलेल्या नांगराभोवती तेरा तारे असत, मूळच्या तेरा वसाहतींचे ते चिन्ह. युद्धोत्तर बटणांवर नांगर उरला, तारे गेले. परंतु बटण हा दुय्यम पुरावा होय, कारण बटणे तुटतात, हरवतात, कोणाची आई किंवा बायको दुसरी लावून देते, आणि अलीकडे तर किंमत वाढविण्यासाठी जुनी तारांकित बटणे नव्या कोटावर मुद्दाम चढविली जातात. खरा दस्तऐवज म्हणजे आतल्या खिशात शिवलेली कापडी चिठ्ठी. मोडी कागदाच्या अभ्यासकाने मोर्तब शोधावे तशा एकाग्रतेने संग्राहकाने ती शोधली पाहिजे, कारण तिच्यावर मक्तेदाराच्या नावाबरोबर सरकारी मक्त्याचा क्रमांक छापलेला असतो, आणि त्या क्रमांकाच्या बांधणीतच साल दडलेले असते. 1961 च्या ऑक्टोबरात अमेरिकेने तिन्ही दलांच्या समाईक खरेदीसाठी संरक्षण पुरवठ्याचे स्वतंत्र खाते स्थापन केले. त्यानंतरच्या चिठ्ठ्यांवर ‘डीएसए’ ही त्या खात्याची आद्याक्षरे येतात आणि मक्त्याच्या क्रमांकातील दोन अंक, उदाहरणार्थ 67, हे मक्त्याचे वर्ष दर्शवितात. 1977 च्या आरंभी त्या खात्याचे नाव बदलले, आणि ‘डीएसए’च्या ठिकाणी ‘डीएलए’ आले.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. हे दोन अंक सरकारी आर्थिक वर्षाचे असतात, आणि अमेरिकेचे आर्थिक वर्ष 1976 पर्यंत जुलैपासून सुरू होत असे. म्हणजे 67 चा मक्ता हा 1966 च्या जुलैनंतर केव्हाही झालेला असू शकतो, आणि त्या मक्त्याखाली शिवलेला कोट कोठीत पडून राहून एखाद्या रंगरुटाच्या हाती त्याहून पुष्कळ उशिरा पडलेला असू शकतो. चिठ्ठी मक्त्याचे साल सांगते, कोट अंगावर चढल्याचे सांगत नाही. चिठ्ठीवरील जिन्नस-क्रमांकही उपयोगी पडतो: तो अकरा अंकी असेल तर कोट 1974 पूर्वीच्या पद्धतीचा, तेरा अंकी असेल तर नंतरचा.

चिठ्ठी झिजून अक्षरे पुसली गेली असतील, तरीही कोट मुका राहत नाही. 1949 पर्यंत डेकवरील कामाच्या शाखांतील नायकांचे दर्जाचिन्ह उजव्या बाहीवर आणि इतर शाखांचे डाव्या बाहीवर लावीत. त्या वर्षी सर्वांचे डावीकडे गेले. म्हणून उजव्या बाहीवर पूर्वी चिन्ह उसवून काढल्याची टाक्यांची पुसट रेघ आणि तिच्या आतल्या बाजूचा किंचित अधिक गडद रंग दिसला, तर तेवढ्या एका खुणेवरून कोट 1949 च्या अलीकडचा नव्हे, असे म्हणता येते. खलाशी अस्तरावर आपले नाव आणि क्रमांक शाईने उमटवीत. 1972 च्या जानेवारीपासून आरमाराने जुने सेवाक्रमांक रद्द करून त्यांच्या जागी सोशल सिक्युरिटीचे नऊ अंकी क्रमांक आणले, त्यामुळे तसा क्रमांक असलेला कोट त्यानंतरही कोणाच्या तरी अंगावर होता, हे सिद्ध होते. ती माणसे पुष्कळदा अजून हयात असतात. त्यांचे क्रमांक छायाचित्रात झाकावेत, ही किमान सभ्यता संग्राहकाने पाळलीच पाहिजे.

असे कोट कपाटात कोंडून ठेवण्याच्या मी विरुद्ध आहे. लोकर वापरात राहिली, झटकली गेली, ब्रशने स्वच्छ झाली की तिला कसर लागण्याचा संभव कमी होतो. अंधाऱ्या पेटीत वर्षानुवर्षे निजलेला कोटच किड्यांच्या भक्ष्यस्थानी पडतो. डांबरगोळ्यांचा वास लोकरीतून लवकर जात नाही, म्हणून उन्हाळ्यात कोट स्वच्छ करून बंद पिशवीत ठेवणे मी पसंत करतो. आणि पाण्यात धुण्याचा मोह कोणालाही होऊ नये. घालताना गळपट्टी उभी करून गळ्याखालचे बटण लावावे आणि हात कॉर्डरॉयचे अस्तर असलेल्या उभ्या खिशांत घालावेत, म्हणजे ही रचना समुद्रावरील वाऱ्यासाठी किती विचारपूर्वक केली होती हे अंगालाच कळते. मात्र ज्या कोटावर दर्जाचिन्ह अद्याप कायम आहे तो मी घालीत नाही. ते चिन्ह कोणीतरी सेवेने मिळविलेले आहे; ते उसवण्याचा मला अधिकार नाही आणि मिरविण्याचाही नाही. साध्या खलाशाचा, चिन्हविरहित कोट घालण्यास कसलाच प्रत्यवाय नसावा.

2018 च्या ऑक्टोबरपासून अमेरिकेच्या आरमाराने नव्या भरतीच्या खलाशांना पीकोटऐवजी कृत्रिम धाग्यांचा काळा पार्का देण्यास आरंभ केला. पार्का हलका आहे, पावसात अधिक उपयोगाचा आहे, आणि जहाजावर उभ्या असलेल्या माणसाला तो सोयीचा वाटत असेल तर त्यावर आक्षेप घेण्याचे मला कारण नाही. परंतु त्यामुळे जुन्या कोटांचा साठा आता वाढणार नाही, हेही तितकेच खरे. शिकागो, टोरांटो किंवा बॉस्टन येथे राहणाऱ्या मराठी वाचकाला जुन्या कपड्यांच्या दुकानात असा कोट दिसला, तर भाव विचारण्यापूर्वी त्याने आतल्या खिशात हात घालून चिठ्ठी वाचावी. घेतल्यावर ती चिठ्ठी कापू नये, अस्तरावरचे नाव पुसू नये, आणि बटणे बदलणे भागच पडले तर मूळची बटणे पाकिटात घालून कोटाबरोबरच ठेवावीत.